बांगड्यांच्या चार बोटं वर

मंदाबाई शेळके यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जाफराबादच्या अलीकडच्या एका गावात, त्यांच्याच ओसरीवर. अन्याय करणारी बाई हातात टेप घेऊन बसली होती. ती मी.

मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. कॉलेजात संघटनेची सगळी पत्रकं माझ्याकडे असायची आणि आमचा नियम साधा होता. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी, दुसऱ्या ओळीत दोषी कोण. लोक चहा पिता पिता वाचतात, तिसऱ्या ओळीपर्यंत थांबत नाहीत. त्या दुसऱ्या ओळीत मी आजवर तहसीलदार बसवलेत, प्राचार्य बसवलेत, एकदा तर स्वतःच्या मामालाही बसवलंय. स्वतःला बसवायची वेळ आत्ता आली.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, ‘स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांवर तुम्ही संशोधन करता, अनुभव लिहा, वाचकांना प्रेरणा मिळेल.’ माझ्याकडे प्रेरणा नाही. माझ्याकडे एक टेप आहे आणि त्या टेपने केलेली एक चूक. ती सांगते.

संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. मी बदनापूरची. सकाळची गाडी पकडून नवीन जालन्याला उतरायचं, दवाखान्यातून फॉर्मचा गठ्ठा घ्यायचा, एसटीने तालुका गाठायचा, तिथून काळीपिवळी. एका जीपमध्ये चौदा माणसं, त्यात मी आणि माझं संशोधन.

आमचा अभ्यास ऑपरेशननंतरच्या हाताचा होता. स्तनाचं ऑपरेशन होतं तेव्हा पुष्कळदा काखेतल्या गाठीही काढाव्या लागतात. हातातलं पाणी शरीरात परत नेण्याची वाट त्या गाठींतून जाते. वाट मोडली की पाणी हातात साचतं. कुणाचा हात कधीच सुजत नाही, कुणाचा सहा महिन्यांनी सुजतो, कुणाचा चार वर्षांनी. लवकर कळलं तर पट्टी, मालिश, व्यायाम यांनी आवरता येतं. उशीर झाला की हात खांबासारखा होतो आणि एखादा साधा काटा टोचला तरी आत विष पसरतं. व्यायाम शिकवून, दर तीन महिन्यांनी घरी जाऊन पाठपुरावा केला तर ही सूज टळते का, हे आम्हाला बघायचं होतं.

त्यासाठी हात मोजायचा. मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर पहिली खूण, तिथून दर दहा सेंटिमीटरवर एक, वर दंडापर्यंत. दोन्ही हात. ऑपरेशनच्या बाजूचा हात दुसऱ्यापेक्षा कुठल्याही खुणेवर दोन सेंटिमीटरने जास्त भरला की सूज धरायची आणि बाईला दवाखान्यात बोलवायचं. फॉर्मच्या डोक्यावर ठळक छापलं होतं : हात पूर्ण उघडा असावा.

ज्याने हे छापलं त्याने जालना जिल्ह्यातल्या सवाष्णीचा हात पूर्ण उघडा करून बघितलेला नसावा.

कामावर लागले त्याच महिन्यात भोकरदनकडच्या एका घरी मी सरळ म्हणाले, “बांगड्या काढा.” झालं. सासू आतून पीठभरल्या हातांनी बाहेर आली.

“काय म्हणली ही? माझा लेक जित्ता हाय न्हवं?”

“आजी, मोजायला फक्त. पाच मिनिटं.”

“पाच मिन्टं मरून बघ की तू.”

सून आत निघून गेली. पुढच्या वेळी गेले तर दाराला कडी आणि आतून बोलण्याचे आवाज. ती बाई आमच्या अभ्यासातून गेली. आमच्या भाषेत त्याला ‘गळती’ म्हणतात आणि गळती वाढली की अभ्यासाची किंमत उतरते. सर म्हणजे आमचे सर्जन, अभ्यास त्यांचाच. ते चिडत नाहीत, चष्मा काढतात. चष्मा काढून म्हणाले, “प्रज्ञा, गाव सांभाळून काम कर. बायका गळता कामा नयेत.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी बांगड्या घालत नाही. उजव्या मनगटात घड्याळ, डावं रिकामं. कॉलेजात मी ‘बांगडी की बेडी’ नावाचं चार पानी पत्रक काढलं होतं आणि ते सगळ्यांत आधी माझ्या आईला वाचून दाखवलं होतं. आई भाकरी थापत होती. बांगड्या वाजवत म्हणाली, “चांगलं लिव्हलं. आता ताटं घे.”

तर असं पत्रक लिहिणारी मी त्या पीठभरल्या हातांना घाबरले. पुढच्या घरापासून मी ‘बांगड्या काढा’ म्हणणं बंद केलं. बांगड्या जिथे संपतात तिथून चार बोटं वर टेप लावायचा, दोन्ही हातांना सारखाच, आणि मनगटाच्या रकान्यात तो आकडा लिहायचा. मनात हिशेब असा, की दोन्हीकडे सारखीच चूक केली तर फरक बरोबर येईल. सरांनी असं कधी सांगितलं नव्हतं. ती युक्ती माझी. एकही बाई गळाली नाही आणि बैठकीत माझं कौतुक झालं.

मंदाबाई बीजप्लॉटवर क्रॉसिंगला जायच्या. आमच्याकडे बियाणं कंपन्यांसाठी कपाशीचं संकरित बी शेतात तयार होतं आणि ते बायकांच्या बोटांनी तयार होतं. संध्याकाळी मादी झाडाची न उमललेली कळी सोलून आतले नर भाग काढून टाकायचे, सकाळी नर झाडाचं फूल तिच्यावर हलकेच घासायचं. दिवसभरात किती कळ्या, ते देव जाणे. कळी मोडली तर मुकादम ओरडतो. मंदाबाईंची एक कळी मोडायची नाही. मुकादम नवीन बायकांना म्हणायचा, “मंदीचा हात बघा आधी, मंग कळीला हात लावा.” ऑपरेशन झालं आणि आठव्या महिन्यात त्या परत प्लॉटवर गेल्या. मला त्यांनी विचारलं होतं ते एकच, “क्रॉसिंग करता येईल न्हवं?” केस गेल्याचं, छातीचं, कशाचं विचारलं नाही.

करीच्या दिवशी मी गेले तेव्हा पोळ्याच्या तोरणाची आंब्याची पानं दारात सुकायला लागली होती. मंदाबाईंनी हात पुढे केला. दोन्ही हातांत डझनभर हिरव्या काचा, मनगटाला घट्ट बसलेल्या.

“हात जड वाटून राह्यलाय मॅडम. काचा रुतून राह्यल्यात.”

मी चार बोटं वर टेप लावला. उजवा, डावा. फरक अर्धा सेंटिमीटर. वरच्या खुणांवर तेवढाही नाही.

“काम जास्त झालंय म्हणून वाटतं तसं,” मी म्हणाले.

“रोजचंच काम हाय.”

“व्यायाम करता ना?”

“करते की. पण बोटं सकाळी मिटत न्हाईत.”

साडेअकराची जीप चुकली तर पुढची दुपारी दोनला होती. मी घड्याळ बघितलं, अकरा दहा. त्याच घड्याळात बघून मी ही वेळ या लेखाच्या पहिल्या ओळीत घातली आहे. ‘सूज : नाही’ या चौकोनात बरोबरची खूण केली. मंदाबाईंनी पुरणाची पोळी बांधून दिली. मी ती जीपमध्ये खाल्ली.

त्यानंतर नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी बदनापूर स्टेशनवर उतरत होते तेव्हा फोन वाजला. मंदाबाई.

“मॅडम, आमची बांगडीवाली आल्ती. ती म्हणती उजव्या हाताला अडीचची लागती. डाव्याला सव्वादोनच. माझं माप लग्नापासून सव्वादोन हाय. तुमच्या कागदात काय लिव्हलंय?”

बांगडीचं माप प्रत्येक बाईला पाठ असतं, वाढदिवस नसेल एक वेळ. सव्वादोन आणि अडीच यांत मनगटाला नसला तरी पंजाला मोठा फरक पडतो. मी फलाटावरच्या बाकावर बसून फॉर्म काढला. सूज : नाही. माझी सही.

“दुखतं का?”

“ठणकतंय. आन् कालपासून अंगात कसकस हाय.”

“लाल दिसतो का हात?”

पलीकडे कुणाशी तरी बोलणं झालं. मग मंदाबाई म्हणाल्या, “सासूबाई म्हणत्यात, दिव्यात काय दिसंना.”

रात्री त्या गावातून गाडी मिळणार नव्हती. ती रात्र मी कशी काढली ते सोडून देते. सकाळी पहिल्या एसटीने निघाले. गावात पोचले तर ओसरीवर मंदाबाई भिंतीला टेकलेल्या, शेजारी सासूबाई, आणि समोर बांगड्यांची पेटी उघडून बसलेली ती बांगडीवाली, हमीदाबी. आदल्या दिवशी पुढच्या गावाला गेली होती, पण चैन पडेना म्हणून परत आली होती. साठीच्या आसपासची, तोंडात पान, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

हात लाल होता. कोपरापर्यंत तापलेला. पंजा फुगून बोटांच्या पेरांवरच्या रेषा गेलेल्या, आणि मनगटात त्या हिरव्या काचा मांसात बसलेल्या. कळी सोलताना टोचलेलं कुठेतरी चिघळलं होतं.

हमीदाबीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तूच क्या मोजनेवाली?”

“हो.”

“कहां मोजती?”

मी बांगड्यांच्या वर बोट ठेवलं.

“अगे,” ती म्हणाली, “सूज नीचे, टेप ऊपर. चप्पल का माप टोपी पे लेती क्या तू?”

मंदाबाईंना एवढ्या तापातही हसू आलं. मला नाही.

बांगड्या काढायलाच हव्या होत्या, त्यांच्याखाली रक्त अडत होतं. मी ते म्हणताच सासूबाईंनी मंदाबाईंचा हात पदराखाली घेतला. “दवाखान्यात काय ते करा. माझ्या दारात हात रिकामा व्हायचा न्हाई. सणाचे दिवस हायेत.”

मी पत्रकातल्या भाषेत बोलायला सुरुवात केली. अंधश्रद्धा, बाईचा जीव, विज्ञान. हमीदाबीने दोन वाक्यं ऐकली आणि हाताने मला थांबवलं.

“तेरेकू बांगडी काढने को कौन बोल्या? काढते न्हाईत. वाढवते.” मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, “मामी, हळद ला.”

बांगडी फुटली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. मला हे माहीत होतं. मी त्यावर पत्रकात टीकाही केली होती. हमीदाबीने पेटीतला पांढरा दोरा काढला, हळदीत भिजवला आणि मंदाबाईंच्या डाव्या मनगटात बांधला. दुसरा उजव्या दंडात, सुजेच्या बराच वर, सैल. “बघ मामी, हात भरेला है. अब बांगडी गयी तो भी खाली न्हाई. तीस साल से ऐसाच करती मैं. एक हातातली उतरवायची, दुसरी चढवायची, तेवढ्या वेळात बी मैं दोरा बांधती.”

सासूबाईंनी दोऱ्याला बोट लावून बघितलं. मग पदर बाजूला केला. “बरोबर बांधलाय,” एवढंच म्हणाल्या, आणि स्वतः साबण आणायला उठल्या.

काही बांगड्या साबणाच्या फेसावर निघाल्या. मधल्या निघेनात, त्या हमीदाबीने खाली फडक्याची घडी सरकवून सांडशीने वाढवल्या, एकेक, ओरखडा न उठवता. मंदाबाईंनी ओठ आवळून धरले होते. शेवटची निघाली तेव्हा मनगटावर वळ दिसले, एकाखाली एक, जणू अजून तिथे बांगड्या आहेत.

मग मी टेप लावला. हाडावर, जिथे लावायला हवा होता तिथे. फरक साडेतीन सेंटिमीटर. सासूबाईंनी टेपचं दुसरं टोक धरलं.

हमीदाबी पेटी आवरताना सहज म्हणाली, “भरे हात का माप अंदाजा रहता मॅडम. खाली हातकाच बराबर आता.”

एक जीप ठरवून मंदाबाईंना घेऊन आम्ही जालन्याला निघालो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, अंग तापलेलं, त्यांचे मालक पुढे ड्रायव्हरशेजारी. ते दर पाच मिनिटांनी मागे वळून विचारत होते, “बोलून राह्यली का?” आणि मी हो म्हणत होते. राजूर ओलांडलं आणि हमीदाबीचं वाक्य माझ्या डोक्यात दुसऱ्यांदा वाजलं. रिकाम्या हाताचंच माप बरोबर.

रिकामे हात कुणाचे होते? माझ्या फॉर्मवरच्या विधवा बायकांचे. त्यांच्या घरी मला कुणी अडवलं नव्हतं. त्यांचे हात मी हाडापासून मोजले होते.

दोनच महिन्यांपूर्वी सरांनी बैठकीत पडद्यावर दाखवलं होतं, की आपल्या अभ्यासात विधवा बायकांचे हात जास्त सुजतात. कारण म्हणून खाली लिहिलं होतं, कुटुंबाचा आधार नसल्याने व्यायामाकडे दुर्लक्ष. मला ते इतकं पटलं होतं, की मी त्याच आठवड्यात नवं पत्रक लिहायला घेतलं होतं. संतापाची सगळी वाक्यं तयार होती. एकटीला कोण विचारतं, वगैरे. खरी गोष्ट एवढीच होती, की त्यांची सूज मोजली गेली आणि सवाष्णींची बांगड्यांखाली झाकून राहिली. म्हणजे कुठल्या तरी गावात आणखी मंदाबाई होत्या, ज्यांच्या फॉर्मवर ‘सूज : नाही’ आणि खाली माझी सही होती, आणि त्यांची बांगडीवाली परत फिरून आलेली नव्हती.

दवाखान्यात मंदाबाईंना दाखल केलं, सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी त्यांच्या खाटेजवळ बसले आणि सांगितलं, की करीला मी चुकीचं मोजलं होतं, तेव्हाच सूज होती.

त्यांनी दंडातल्या हळदीच्या दोऱ्याकडे बघितलं.

“मी म्हणलं होतं तुम्हाला, जड वाटून राह्यलंय.”

“हो.”

“टेपापेक्षा माझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.”

त्या पुढे म्हणाल्या, “आता क्रॉसिंग?”



त्या दिवशी सरांसाठी एक पानाचं निवेदन लिहिलं. सवयीप्रमाणे पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी, दुसऱ्या ओळीत दोषी. सरांचा लेख छापायला पाठवायला पंधरा दिवस राहिले होते. त्यांनी निवेदन दोनदा वाचलं, चष्मा काढला.

“एकाच रुग्णाचं असेल तर ती केस वगळता येईल,” ते म्हणाले.

“सगळ्या सवाष्णींचं आहे सर.”

“तोंडी सांगितलं असतंस तर विचार करायला वेळ मिळाला असता. कागदावर आलं म्हणजे आता मला ते माहीत आहे.”

“म्हणूनच कागदावर लिहिलं.”

खिडकीबाहेर बियाण्याच्या पोत्यांचा ट्रक उलटा लागत होता. त्यांनी उठून खिडकी लावली. मग म्हणाले, “विधवांचा मुद्दा मी तीन ठिकाणी भाषणात सांगितलाय.” आवाज खाली गेला होता. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी चष्मा लावला, फोन उचलला आणि लेख थांबवायला सांगितलं. सर वाईट माणूस असते तर हा लेख लिहायला मला सोपा गेला असता.

आम्ही पुन्हा मोजायला निघालो. या खेपेला माझ्याबरोबर हमीदाबी होती. तिची पेटी, माझा टेप, हळदीचे दोरे. ती ओसरीवर बसली की बायका आपोआप जमायच्या, आणि दोरा बांधून ती एकीकडे बांगड्या उतरवायची, दुसरीकडे मला म्हणायची, “हां, ले जल्दी. और हाड पे लगा, टोपी पे मत लगा.” भोकरदनकडची ती पीठवाली सासूसुद्धा दोऱ्यावर राजी झाली. मला तिने ओळखलं नाही, किंवा ओळखूनही ओळख दिली नाही. तिच्या सुनेचा हात ठीक होता. मी तो तीनदा मोजला.

सगळेच ठीक नव्हते. काहींची सूज आता पट्टीने आवरण्यापलीकडे गेली होती. काही घरं उसतोडीला निघून गेली होती ती गावात परतली नाहीत, त्यांचे फॉर्म माझ्या कपाटात तसेच आहेत. त्या बायकांचे हात कुठल्या फडात कोयता धरत असतील आणि त्यांना कोणी विचारत नाही, हा विचार मला गाडीत, जेवताना, कुठेही येतो. टेप कधीही हातात घेतला की मनगट दिसण्याआधी मला करीची ती ओसरी दिसते.

मंदाबाई बऱ्या आहेत, असं दवाखान्याच्या कागदावर आहे. कॅन्सर परत आलेला नाही. उजव्या हाताला दिवसभर आवळपट्टी असते. त्या प्लॉटवर जातात, पण फुलं वेचून टोपलीत देण्यापुरत्या. बोटं कळी सोलण्याइतकी वळत नाहीत. मुकादम आता त्यांचा हात कुणाला दाखवत नाही. मागच्या भेटीत त्या म्हणाल्या, “डाव्या हातानं शिकून राह्यलेय. दहातल्या चार मोडत्यात.” मग माझ्यासमोर एक कळी घेऊन डाव्या हाताने सोलायला लागल्या. मी बघत होते. ती मोडली. त्यांनी दुसरी घेतली.

आता तुमच्याकडे येते.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा दिवाळीच्या बांगड्या भरून झाल्या असतील. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणाचं तरी हे ऑपरेशन झालेलं असेल. ती ते सांगत नसेल, पण तुम्हाला माहीत आहे कोण. तिच्याकडे आजच जा. हळदीचा दोरा बांधा, दोन्ही हातांतल्या बांगड्या उतरवा आणि दोन्ही मनगटं शेजारी शेजारी ठेवून मोजा. टेप नसेल तर सुतळीने मोजा. तिला विचारा, बांगडीचं माप बदललं का. फरक दिसला तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. आणि फरक दिसला नाही, तरी ती ‘जड वाटून राह्यलंय’ म्हणाली, तर काम जास्त झालं म्हणून असेल असं तिला सांगू नका. ते मी सांगून झालंय.

अंक मिटवा आणि उठा.